मनकर्णा आजीच्या किल्ल्या आणि मम्मीचे अकरा तास

मुलांनो, घटकाभर डोळे मिटा बरं. एक भिंत डोळ्यांसमोर आणा. विटांची, निळा रंग दिलेली, खालून थोडे पोपडे सुटलेली. आता तिच्यावर खिळे ठोका. एक, दोन, दहा, वीस... एकतीस खिळे होऊ द्या. प्रत्येक खिळ्याला एक किल्ली अडकवा. काही पितळेच्या, काही लोखंडी, आणि एक तर एवढी लांब की तिनं पाठ खाजवावी. प्रत्येक किल्लीला चिंधी बांधा. कुणाला लाल, कुणाला पिवळी, कुणाला जुन्या लुगड्याच्या काठाची. बांधल्या? आता नीट बघा. एकाही किल्लीवर नाव नाही.

का नसेल? विचार करा तोवर. आपण ज्या घरात ही भिंत आहे तिथे जाऊ.

हे घर शिरूर कासारच्या एका वस्तीत आहे. दिवाळी सरली की वस्तीवर ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. भांडी, पेट्या, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढतं आणि माणसं ऊस तोडायला निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसं, थोडी शाळकरी पोरं आणि दारांवरची कुलपं. जाताना प्रत्येक घरचं माणूस मनकर्णा आजीकडे येतं, किल्ली तिच्या हातावर ठेवतं आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतं.

ते काहीतरी म्हणजे खूण. त्या घरच्यांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट. मधल्या सहा महिन्यांत घरातून काही काढायला कुणी आलं, तर आधी त्यानं खूण सांगायची, मग आजी किल्ली देणार. खूण दर सालाला नवी. मागच्या सालची एक जुनी खूण तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण ती आता चालत नाही. आजी विचारायची, "शेळीच्या कानाला कोण चावलं?" आणि बरोबर उत्तर होतं, "आमचा थोरला."

आजीनं स्वतः बावीस वर्षं ऊस तोडला होता. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच होतं, उरलेलं कोयत्यानं नेलं होतं. परगावी झोपडीत निजताना गावातल्या कुलपाची आठवण कशी छळते ते तिला माहीत होतं. म्हणून ती या कामात कुणाची भीड धरत नसे. किल्ली नेली की त्याच संध्याकाळी त्या घरच्यांना फोन जायचा, "अमक्यानं तमकं नेलं, बरं का."

आणि नाव का नाही? आता तुम्हाला आलं असेल ध्यानात. समजा एखादी किल्ली पडली, चोरीला गेली, तर ज्याला सापडेल त्याच्या हाती नुसतं लोखंड लागेल. दार सापडणार नाही.

यंदा आजीनं आपल्या नातीला, चैतालीला, एकतीसच्या एकतीस खुणा सांगून ठेवल्या होत्या. "माझं डोकं आता चाळणीवाणी झालंय," ती म्हणाली, "दोघींच्या डोक्यात ऱ्हाऊ दे." चैताली सहावीत होती. सतराचा पाढा तिचा अजून अडखळायचा, पण चिंध्या आणि खुणा कशा तोंडपाठ! त्या दिवसापासून ती शाळेत जरा मान ताठ करूनच चालायची.

चैतालीच्या मम्मीचं नाव आम्रपाली. ती रोज एसटीनं बीडला जायची. तिचं काम काय, ते चैतालीला कुणी विचारलं तर ती भिंतीकडे बोट दाखवायची. "आजीचंच काम. फक्त मम्मीच्या किल्ल्या दिसत नाहीत." दवाखाने, दूध संघ, कार्यालयं, सगळीकडे आता कॉम्प्युटर आहेत. त्यात लोकांची माहिती असते. ती कुणी उघडायची, कुणी नाही, कोणाला पासवर्ड दिला, का दिला, कधी परत घेतला, हे आम्रपाली जाऊन तपासायची आणि शेवटी सही करून लिहून द्यायची की इथली दारं नीट बंद आहेत, किंवा नाहीत.

ती सही कुणीही करून चालत नाही. त्यासाठी आम्रपालीनं पुण्याला जाऊन मोठी परीक्षा दिली होती. त्याचं प्रमाणपत्र घरात बुद्धाच्या तसबिरीखाली लावलेलं होतं. पण ते एकदा मिळालं की जन्मभर पुरलं असं नसतं. चोर रोज नवं शिकतात, मग राखणदारानं शिकणं थांबवून कसं भागेल? म्हणून नियम असा, की दर वर्षी वीस तास नवं शिकायचं. धडे ऐकायचे, आणि एकतीस डिसेंबरच्या आत लिहून द्यायचं, 'हे तास मी स्वतः ऐकले.' नाही तर प्रमाणपत्र थांबतं. त्यातच येत्या जानेवारीत जालन्याच्या एका मोठ्या दवाखान्याचं काम आम्रपालीच्या नावावर यायचं होतं. प्रमाणपत्र थांबलं असतं तर ते काम गेलं असतं, आणि तिला पुन्हा पूर्वीसारखं प्रिंटर दुरुस्त करत फिरावं लागलं असतं.

सात तास तिनं ऑफिसातल्या शिबिरात बसून ऐकले होते. बाकीचे घरी, लॅपटॉपवर. पण घरी म्हणजे कसं? सात वाजता एसटीतून उतरायचं, आल्याबरोबर चूल नाही तरी गॅस पेटवायचा. चैतालीचे पप्पा संजय पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येणार. आजीला डोळ्यांनी नीट दिसेना झालेलं. मग आम्रपाली धडा लावून द्यायची आणि स्वयंपाकाला लागायची.

त्या धड्यात एक मेख होती. ऐकणारा खरंच बसलाय की नाही हे बघायला दर दहा मिनिटांनी पडद्यावर एक चौकट यायची, 'तुम्ही ऐकत आहात का?' खाली बटण, 'होय.' साठपासून उलटे आकडे पडू लागायचे. शून्य होईपर्यंत 'होय' दाबलं नाही तर धडा बंद, तास बाद.

मम्मीचे हात पिठात. मग चैताली बसायची लॅपटॉपसमोर. टिंग वाजलं की दाबायची आणि ओरडायची, "मम्मी, दाबलं!"

"शाब्बास गं माझी सोन्या!" भाकरी थापता थापता आतून आवाज यायचा.

वहीच्या शेवटच्या पानावर चैतालीनं हिशेब ठेवला होता. कोणत्या दिवशी किती वेळा दाबलं, आणि आठवायला सोपं पडावं म्हणून त्या दिवशीची भाजी. मेथी, सहा. पिठलं, सहा. वांगं, सहा. असे अकरा तास झाले होते. सात आणि अकरा, अठरा. दोनच उरले. वर्गातल्या सुनिताला तिनं ते पान मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. "माझ्याशिवाय मम्मीचं प्रमाणपत्रच राहत नाही!"

इथवरचं तुम्हाला नीट कळलं ना? मग आता डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी काय झालं ते ऐका.

त्या दिवशी आम्रपाली आजीला डोळे दाखवायला बीडला घेऊन गेली. निघताना आजी म्हणाली, "किल्ल्या तुझ्या हवाली. खूण बरोबर तर किल्ली. खूण न्हाई तर खुद्द सरपंच आला तरी न्हाई." शेजारच्या छबुबाईंना तिनं पोरीवर लक्ष ठेवायला सांगितलं.

दुपारी उन्हं कलायला लागली तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. सोमेश्वर आला होता. म्हाळूमामांचा जावई. म्हाळूमामा आणि मामी कर्नाटकात ऊस तोडत होते. सोमेश्वर शिरुरातच पलीकडच्या आळीत राहायचा, चैतालीच्या वर्गातली सुनिता त्याची पुतणी.

"चैताली, आजी कुठंय? बरं, ऱ्हाऊ दे. आमच्या सासऱ्याची किल्ली दे. घरातला पाळणा न्यायचाय. बबिताला आठवा सरला."

चैतालीला आनंद झाला. म्हाळूमामांची लेक बबिताताई तिची लाडकी. हात किल्लीकडे गेलाही, मळकट हिरवी चिंधी, तिसऱ्या रांगेत. मग ती थांबली.

"दाजी, खूण सांगा ना."

"कसली खूण?"

"मामांनी दिलेली. ती सांगितली की देते."

सोमेश्वर हसायला लागला. "अगं येडे, मी जावई हाय त्या घरचा! जावयाला खूण मागती व्हय?"

"मग मामांना फोन लावा. ते सांगतील."

त्यानं लावला. फोन बंद. फडात काम चाललेलं असतं तेव्हा फोन कुठल्या तरी खोपीत पडलेले असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यानं पुन्हा लावला. बंदच.

बोलणं ऐकून छबुबाई ओट्यावर आल्या. "काय झालं गं? कावून उभं केलंस त्यांना?"

"छबुआजी, खूण नाही त्यांच्याकडं."

"अगं पण जावई हाय घरचा! जावयाला कुणी दारातून रिकाम्या हाती धाडतं का? म्हाळूला कळलं तर त्याला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? दे बरं."

आता तुम्हीच सांगा, काय करावं पोरीनं? आपल्याकडे जावई म्हणजे देवाखालोखाल. त्याला चहा विचारतात, पाट मांडतात, त्याला 'तू कोण, कशावरून' असं कुणी विचारत नाही. समोर दोन मोठी माणसं उभी. चैतालीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सोमेश्वरदाजी चोर नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. पण खूण मामांनी आजीच्या कानात सांगितली होती, आणि आजीनं तिच्या. त्या दोघांना विचारल्याशिवाय तिनं ती बाजूला कशी सारायची?

"न्हाई, दाजी," ती म्हणाली. आवाज बारीक झाला, पण निघाला. "चहा करते. किल्ली न्हाई."

सोमेश्वरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मोटारसायकलला किक मारता मारता तो म्हणाला, "लई नियमाची झालीस गं! आणि आईच्या जागी बसून 'होय, होय' दाबती कोण? आमची सुनिता सगळं सांगती घरी. आईची हजेरी लेक लावती, तिथं न्हाई लागत का खूण?"

धूळ उडाली आणि मोटारसायकल गेली. छबुबाई "काय बाई आजकालची पोरं" म्हणत आत गेल्या. चैताली भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभी राहिली. आधी तिला सुनिताचा राग आला. मग सोमेश्वरचा आला. मग आणखी एक कसलंतरी वाटलं, ते कोणावर काढावं हे तिला कळेना.

संध्याकाळी दोघी परत आल्या. आजीच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला सगळं धूसर दिसत होतं. आल्या आल्या ती भिंतीजवळ गेली आणि हातानं चाचपून किल्ल्या मोजल्या. एकतीस. मग खाली बसली.

"कोण आलतं का?"

"सोमेश्वरदाजी. पाळणा न्यायला. खूण नव्हती."

"दिली?"

"न्हाई."

"रागावला असंल."

"लई."

"रागावू दे," आजी म्हणाली. "राग दोन दिसात उतरतो. म्हाळूचा इश्वास उतरला तर तो कुठून आणायचा?"

आम्रपालीनं तोवर गॅसवर डाळ चढवली होती आणि पिठाची परात पुढे ओढली होती. लॅपटॉप सुरू करून ती म्हणाली, "चैताली, ये गं बस. दोनच तास राहिलेत. आज एक उरकून टाकू."

चैताली हलली नाही.

"काय झालं? कुणी काही बोललं का?"

"मम्मी, ती चौकट कुणाला विचारते?"

"म्हणजे?"

"'तुम्ही ऐकत आहात का' म्हणते ना. ते तुला विचारते का मला?"

आम्रपालीनं परात बाजूला सारली. मग चैतालीनं सोमेश्वरचं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण 'तिथं न्हाई लागत का खूण' इथं आल्यावर तिला रडू फुटलं. "मी त्यांना किल्ली दिली नाही मम्मी. पण तुझी मी रोजच देत होते."

आजी सरकत सरकत चैतालीजवळ येऊन बसली. मला वाटतं, तिला बोलायचं असतं तर बोलली असती. पण काही गोष्टी दुसऱ्यानं सांगितल्या की हलक्या होतात.

तेवढ्यात फोन वाजला. प्रवीणचा होता, आम्रपालीच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा. हात पिठाचे म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"ताई, झाले का वीस तास?"

"प्रवीण, मी अकरा तास रद्द करणार आहे."

"काय?"

"ते मी ऐकलेच नाहीत. चैताली दाबायची."

पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. "अहो ताई, त्यात काय एवढं! सगळे असंच करतात. मी धडा लावून क्रिकेट खेळायला जातो. बायको दाबते माझं. तिला तर आता माझ्यापेक्षा जास्त कळतं सुरक्षेतलं!"

"मग पुढच्या तपासणीला तिलाच पाठव," आम्रपाली म्हणाली. तीही हसली, पण थोडंसंच. "मी लोकांना जाऊन काय सांगते रे? तुमचा पासवर्ड बायकोलासुद्धा देऊ नका. आणि घरी येऊन माझी हजेरी सहावीतल्या पोरीच्या हाती."

"ताई, आज अठ्ठावीस तारीख आहे. बुधवारी रात्री आठला साइट बंद. अकरा आणि दोन, तेरा तास! जालन्याचं काम जाईल हातचं. कुणी विचारणार नाहीये, कुणाला कळणार नाहीये."

"माझ्या घरात कळलंय ना," आम्रपाली म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिनं हात धुतले, पुसले, आणि चैतालीची वही मागितली. शेवटचं पान समोर ठेवून एकेक तास शोधला. मेथीचा. पिठल्याचा. वांग्याचा. प्रत्येकापुढे 'नोंद रद्द करा' असं बारीक अक्षरात होतं. ते तिनं अकरा वेळा दाबलं. अठराचे सात झाले. आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं का, असं चैतालीच्या मनात येऊन गेलं. तुमच्याही आलं असतं. खरं बोलल्यावर लगेच बरं वाटतंच असं नाही.

त्या संध्याकाळी आम्रपालीनं दोन तास ऐकले. आजीनं चाचपडत भाकऱ्या केल्या, कडा जळक्या. कुणी तक्रार केली नाही.

सोमवारी पहाटे पाचला चैतालीला जाग आली तेव्हा मम्मी शाल पांघरून लॅपटॉपसमोर बसली होती. हातात पेन. ती ऐकत होती, लिहीत होती, मध्येच मागे जाऊन पुन्हा ऐकत होती.

"चैताली, हा धडा कोणत्या दिवशीचा गं?"

चैतालीनं पडद्यावरचं चित्र बघितलं आणि वही उघडली. "मेथीच्या."

"यात काय सांगितलंय माहीत आहे? माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याची किल्ली काढून घ्यायची. उद्यावर टाकायचं नाही." आम्रपालीनं पेन खाली ठेवलं. "गेल्या महिन्यात मी दूध संघाची तपासणी केली. तिथला एक ऑपरेटर दिवाळीत काम सोडून गेला होता. मी सगळ्यांच्या किल्ल्या बघितल्या. जे होते त्यांच्या. जो गेला त्याची बघितलीच नाही."

"मग?"

"मग काय. आज फोन करते."

संध्याकाळी परत आल्यावर तिनं सांगितलं. त्या ऑपरेटरचा पासवर्ड अजून चालू होता. त्यानं काही वाईट केलं नव्हतं, बिचारा दुसऱ्या गावी दुकानात लागला होता. "पण दार दोन महिने उघडं होतं," आम्रपाली म्हणाली, "आणि मी कागदावर सही केली होती, सगळी बंद आहेत म्हणून. आज तिथल्या साहेबांना सांगितलं, चूक माझी. सुधारून नवा कागद देते."

"ओरडले का ते?"

"थोडे. मग म्हणाले, बरं झालं सांगितलंत."

आजी अंधारल्या कोपऱ्यातून म्हणाली, "म्हंजे आम्रपाली, तुझं ते शिकणं नुसतं कागदाचं न्हाई तर."

"नाही, आत्या." सासूला ती आत्याच म्हणायची. "मलाच आज कळलं."

सोमवारी चार तास झाले. मंगळवारीही चार व्हायचे होते, पण चौथ्यात पन्नास मिनिटं झाली आणि वीज गेली. लॅपटॉप चालू, नेट बंद. चौकट केव्हा येऊन गेली ते कळलंही नाही. वीज आली तेव्हा पडद्यावर अक्षरं होती, 'तास बाद.' आम्रपालीनं कपाळाला हात लावला आणि तशीच बसून राहिली. मोजा बरं तुम्ही. रविवारचे दोन, सोमवारचे चार, मंगळवारचे तीन. तेरातले उरले चार, आणि दिवस उरला एक.

बुधवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दुपारी तीनला बसली. चैतालीनं शाळेतून येताना ठरवलं होतं, आज स्वयंपाक आपण करायचा. आजीनं पीठ मळायला शिकवलं. पहिली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, दुसरी बीड जिल्ह्यासारखी. एक तास झाला, दुसरा, तिसरा. पावणेसातला शेवटचा तास सुरू झाला. पावणेआठला संपणार, आठला साइट बंद. आता हा बाद झाला असता तर दुसरा ऐकायला वेळच उरत नव्हता.

आजी काठी घेऊन विहारात वंदनेला गेली होती. साडेसात होत आले असतील. चैतालीचे दोन्ही हात पिठात. दारावर थाप पडली.

"मी बघते," म्हणत आम्रपाली उठली. सवयच ती. दारातून तिचा आवाज आला, "या, या दाजी. पाळण्याचं का? थांबा, मुलीला विचारते कोणती ते..."

आणि मागे लॅपटॉपवर वाजलं, टिंग.

चौकट आली. 'तुम्ही ऐकत आहात का?' साठ. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

चैताली दोन पावलांवर होती. बोटाला वाट पाठ होती. सहासष्ट वेळा गेलेली वाट, डोळे मिटूनही सापडली असती. मम्मी दारात बोलत होती, तिला ऐकूही गेलं नव्हतं. पन्नास. एकोणपन्नास. एक दाबलं असतं तर कुणाला कळलं असतं? प्रवीणकाकांना नाही, साइटला नाही, जालन्याच्या दवाखान्याला तर नाहीच.

चैताली वळली आणि दाराकडे पळत सुटली.

"मम्मी, आत जा! तुला बोलावलंय! पळ!"

आम्रपालीनं एकदा लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि ती धावली. तिची पायातली एक चप्पल दारातच राहिली. चैताली उंबऱ्यात उभी राहिली, कान आत, डोळे बाहेर. तिला वाटलं, साठ आकडे मोजायला एवढा वेळ लागतो? मग आतून बटणाचा आवाज आला, छोटासा, 'टक्.' पाठोपाठ धड्यातल्या बाईंचं बोलणं पुढे सुरू झालं.

सोमेश्वर हे सगळं बघत होता. तो जरा ओशाळला होता, जरा हसत होता. "काय साहेब," तो म्हणाला, "आज बी खूण लागंल का?"

"लागंल, दाजी."

"मग कान कर इकडं. दुपारी सासऱ्याचा फोन लागला. माझंच हसं झालं तिथं. म्हाळूमामा म्हणाले, पोरीनं बरोबर केलं, तुम्हीच आधी विचाराया पायजे होतं."

तो वाकला आणि चैतालीच्या कानात खूण सांगितली. ती काय होती ते तुम्हाला ऐकायचं असेल ना? मी सांगणार नाही. म्हाळूमामा अजून ऊस तोडतायत, आणि त्यांचं दार अजून त्याच खुणेवर आहे.

चैतालीनं ती मनातल्या खुणेशी ताडून बघितली, एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. मग पिठाचा हात फ्रॉकला पुसला, तिसऱ्या रांगेतली हिरव्या चिंधीची किल्ली काढून सोमेश्वरच्या हातावर ठेवली, आणि पाळणा नेल्याचं सांगायला म्हाळूमामांना फोन लावला.